महिला कॉलेज बास्केटबॉल : ट्रान्सफर पोर्टल आणि संघातली नाहीशी होत चाललेली मधली फळी

कॉर्व्हॅलिसकर

मार्च २०२४ च्या अखेरीस ओरेगन स्टेट विद्यापीठाचा महिला संघ एनसीएए (अमेरिकेतल्या विद्यापीठीय खेळांची नियामक संस्था) स्पर्धेत शेवटच्या आठ संघांपर्यंत पोहोचला आणि तिथे साउथ कॅरोलायनाकडून ७०-५८ असा हरला. साउथ कॅरोलायनाने तो हंगाम ३८-० असा एकही सामना न गमावता संपवला, त्यामुळे त्यांच्याकडून बारा गुणांनी हरण्यात कसलीही नामुष्की नव्हती. ओरेगन स्टेटच्या बहुतेक प्रमुख खेळाडूंची खेळण्याची पात्रता अजून शिल्लक होती, आणि नियम जुने असते तर पुढच्या वर्षी हाच संघ अधिक मुरून कोर्टवर उतरला असता.

प्रत्यक्षात काही आठवड्यांतच रेगन बीअर्स ओक्लाहोमाला, तालिया व्हॉन ओल्हॉफन यूएससीला, टिमेआ गार्डिनर यूसीएलएला आणि डॉनोव्हिन हंटर टीसीयूला गेली. इतरही काही जणी गेल्या. पॅक-१२ ही कॉन्फरन्स, म्हणजे एकमेकांशी नियमित खेळणाऱ्या विद्यापीठांचा गट, फुटली होती, दहा विद्यापीठांनी दुसरीकडे सोय लावून घेतली होती आणि मागे राहिलेल्या ओरेगन स्टेट व वॉशिंग्टन स्टेट यांना वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समध्ये तात्पुरता आसरा घ्यावा लागला होता. मोठ्या कॉन्फरन्समध्ये खेळण्याच्या इच्छेने आलेली मुलगी लहान कॉन्फरन्समध्ये का थांबेल, हा प्रश्न रास्तच आहे आणि त्या मुलींना दोष देण्यासाठी मी हा धागा काढलेला नाही. प्रशिक्षक स्कॉट रूएक यांनी उरलेल्या आणि नव्याने आलेल्या मुलींना घेऊन २०२५ मध्ये वेस्ट कोस्टची स्पर्धा जिंकली, अंतिम सामन्यात पोर्टलंडला हरवले आणि पुन्हा एनसीएएचे तिकीट मिळवले. पहिल्याच फेरीत नॉर्थ कॅरोलायनाने त्यांना घरी पाठवले, तरीही हे यश मला आदल्या वर्षीच्या यशापेक्षा मोठे वाटते.

आता नियमांकडे वळतो, कारण या विषयावरच्या गप्पांत नियमांचे टप्पे नेहमी एकमेकांत मिसळतात. ट्रान्सफर पोर्टल ऑक्टोबर २०१८ मध्ये सुरू झाले. तेव्हा ती फक्त विद्यापीठ बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंच्या नावांची सामाईक नोंदवही होती. विद्यापीठ बदलणाऱ्या पदवीपूर्व बास्केटबॉलपटूला, खास सूट मिळाली नाही तर, एक पूर्ण हंगाम बाहेर बसावे लागत असे. एप्रिल २०२१ मध्ये प्रत्येक खेळाडूला एकदा बदली करून लगेच खेळण्याची मुभा मिळाली. डिसेंबर २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनियातील संघीय न्यायालयाने दुसऱ्या-तिसऱ्या बदलीनंतर लगेच खेळण्यावरच्या बंदीला स्थगिती दिली, आणि एप्रिल २०२४ मध्ये एनसीएएने मर्यादाच काढून टाकली : अभ्यासाच्या अटी पूर्ण असतील तर कितीही वेळा जा, लगेच खेळा. याच काळात, १ जुलै २०२१ पासून, खेळाडूंना स्वतःच्या नावावर व प्रतिमेवर पैसे मिळवता येऊ लागले. दाराची कडी निघाली आणि दारापलीकडे पैसे दिसू लागले, अशा या दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडल्या.

संघबांधणीच्या दृष्टीने महिलांच्या खेळाचे एक वेगळेपण आहे, आणि पुरुषांच्या खेळावरचे लेख वाचून मत बनवणाऱ्यांच्या नजरेतून ते सुटते. पुरुषांमधला उत्तम खेळाडू एका वर्षात एनबीएत जातो. डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टसाठी, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीसाठी, मात्र अमेरिकेतल्या मुलीला त्या वर्षात बावीस पूर्ण व्हावी लागतात, किंवा पदवी हातात यावी लागते, किंवा शाळा सोडून चार वर्षे व्हावी लागतात. म्हणजे चांगली खेळाडू साधारण चार वर्षे कॉलेजातच असणार. प्रशिक्षकांची जुनी गणिते याच खात्रीवर बेतलेली असत. पहिल्या वर्षी मुलगी सराव करायची आणि बाकावर बसायची. दुसऱ्या वर्षी दहा-बारा मिनिटे खेळायची. तिसऱ्या वर्षी सुरुवातीच्या पाचांत यायची. चौथ्या वर्षी नव्या मुलींना शिकवायची. यादीतल्या पंधरा जागांत प्रत्येक वर्षाच्या तीन-चार मुली असत आणि चौथ्या वर्षाची मुलगी गेली की तिच्या जागी कोण येणार हे दोन वर्षे आधी ठरलेले असे.

कॅटलिन क्लार्कचा आयोवा संघ हा या पद्धतीचा अलीकडचा सर्वांत गाजलेला नमुना. २०२३ च्या अंतिम सामन्यात उतरलेल्या त्यांच्या पाच जणी कित्येक हंगाम एकत्र खेळलेल्या होत्या. समोर प्रशिक्षक किम मल्की यांच्या एलएसयू (लुईझियाना स्टेट) संघात त्या वर्षी नऊ खेळाडू नव्या होत्या. मेरिलँडहून आलेली एंजल रीस सर्वांना आठवते; पण त्या सामन्याच्या पूर्वार्धात बाकावरून येऊन २१ गुण ठोकणारी जॅस्मिन कार्सन वेस्ट व्हर्जिनियाहून आली होती, हे फार कमी जणांना आठवते. एलएसयूने १०२-८५ असा विजय मिळवला आणि त्या दिवशी देशभरातल्या प्रशिक्षकांना कळले की एका उन्हाळ्यात विजेता संघ उभा करता येतो.

माझा मुद्दा इथून पुढचा आहे. बातम्या होतात त्या मोठ्या खेळाडूंच्या बदल्यांच्या. माझ्या मते त्यामुळे संघांचे खरे नुकसान होत नाही, कारण मोठी खेळाडू गेली तर तिच्या तोडीची दुसरी पोर्टलमधून येऊ शकते. नाहीशी होते आहे ती सहाव्यापासून दहाव्या क्रमांकापर्यंतची फळी, म्हणजे दुसऱ्या वर्षातली, अजून पूर्ण न घडलेली, पण पुढच्या वर्षी पाचांत येऊ शकणारी मुलगी. यूसीएलएचे उदाहरण घ्या. एप्रिल २०२५ मध्ये हा संघ पहिल्यांदाच एनसीएएच्या फायनल फोरमध्ये, म्हणजे शेवटच्या चारांत, गेला. हंगाम संपताच त्या वर्षी आलेल्या नावाजलेल्या प्रथमवर्षीय खेळाडूंपैकी एलिना आर्निसालो, केंडल डडली, एव्हरी केन आणि झानिया सॉका-न्गुमेन या चौघीही बाहेर पडल्या. बाहेर पडण्यात चूक काहीच नाही, कारण पुढे ज्येष्ठ खेळाडूंची रांग होती. प्रश्न असा की त्या ज्येष्ठ गेल्यावर तिथे वर यायला कोण असेल? उत्तर अर्थातच पुन्हा पोर्टल.

साउथ कॅरोलायनाचेही तेच. २०२५ मध्ये एसईसी कॉन्फरन्सची सर्वोत्तम राखीव खेळाडू ठरलेली मिलेशिया फुलवायली थेट प्रतिस्पर्धी एलएसयूकडे गेली. ती विद्यापीठाच्या कोलंबिया शहरातलीच, म्हणजे घरची मुलगी. प्रशिक्षक डॉन स्टेली यांनी फ्लोरिडा स्टेटहून टानिया लॅट्सनला आणले, जिने त्या हंगामात सामन्यामागे सरासरी २५ गुण काढून देशात पहिला क्रमांक मिळवला होता; मिसिसिपी स्टेटहून मदिना ओकोटलाही आणले. कागदावर संघ कमकुवत झाला नाही. पण लॅट्सनकडे एकच वर्ष शिल्लक होते आणि फुलवायलीकडे दोन.

याचा कोर्टवर होणारा परिणाम प्रेक्षकाला दिसतो, फक्त कुठे पाहायचे ते कळायला हवे. हंगामाच्या सुरुवातीला ओरेगन स्टेटच्या गिल कोलिझियममध्ये माझे लक्ष चेंडूवर नसते, बचाव करणाऱ्या दोन मुलींच्या तोंडाकडे असते. समोरची सेंटर येऊन गार्डला आडोसा देते त्या क्षणी मागच्या मुलीने ओरडून सांगायचे असते की अदलाबदल करायची की आपापल्या खेळाडूला धरून राहायचे. एकत्र मुरलेल्या संघात हे ओरडणे आडोसा येण्याआधीच होते. नव्या संघात आधी शांतता असते, मग दोघीही चेंडूवाल्या मुलीकडे धावतात आणि कोपऱ्यात तिसरी मोकळी उभी राहते. तीन गुण. अशा वेळी प्रशिक्षक बाकाकडे वळतात, आणि तिथे ही भाषा येणारी कुणी नसते, कारण बाकावर बसलेल्याही जूनमध्येच आलेल्या असतात.

इतरांचे अनुभव आणि मतभेद वाचायला आवडतील.

टेक्सासवासी

लेख आवडला, पण निष्कर्षाशी मी निम्माच सहमत आहे. आमच्या फोर्ट वर्थच्या टीसीयूकडे पाहा. २०२३ मध्ये प्रशिक्षक मार्क कॅम्पबेल सॅक्रमेंटो स्टेटहून आले तेव्हा या संघाच्या नावावर मिरवण्यासारखे फार काही नव्हते. दोनच वर्षांत बिग १२ चे साखळी विजेतेपद, पाठोपाठ त्याच कॉन्फरन्सची स्पर्धा आणि एनसीएएच्या शेवटच्या आठांत प्रवेश, असे तिन्ही विद्यापीठाच्या इतिहासात पहिल्यांदा घडले. लुईव्हिल आणि एलएसयूनंतर तिसऱ्या घरी आलेली हेली व्हॅन लिथ, टेक्सास व ओरेगनमार्गे आलेली सेडोना प्रिन्स आणि आपण उल्लेख केलेली हंटर यांच्याशिवाय हे झाले नसते. जुन्या पद्धतीत अशा संघाला नावाजलेल्या शाळकरी खेळाडूंनी दारातही उभे केले नसते. पोर्टलने बड्या घराण्यांची मक्तेदारी थोडी का होईना मोडली, ही नोंद आपल्या लेखात हवी होती.

मात्र आपल्या ‘मधल्या फळी’च्या मुद्द्याला पुरावाही टीसीयूनेच पुरवला आहे, तोही आपल्या कल्पनेपेक्षा शब्दशः. २०२३-२४ च्या हंगामात हा संघ १४-० असा सुटला होता. जानेवारीत दुखापतींची अशी रांग लागली की सामना खेळण्याइतक्या धडधाकट खेळाडू उरल्या नाहीत. कॅन्सस स्टेट आणि आयोवा स्टेट यांच्याविरुद्धचे दोन सामने सोडून द्यावे लागले. मग विद्यापीठाने सर्व विद्यार्थिनींसाठी खुली निवड चाचणी जाहीर केली आणि त्यातून चार जणी संघात घेतल्या; त्यांत व्हॉलीबॉल संघातली खेळाडूही होती. कालपर्यंत वर्गात बसणारी मुलगी बिग १२ च्या सामन्यात गणवेश घालून बाकावर बसली, हे आम्हा प्रेक्षकांना गमतीचे वाटले, पण प्रशिक्षकांना खचितच वाटले नसेल. मुख्य सात-आठ जणींवर सगळा भार टाकून बाकीच्या जागा नाममात्र भरल्या की असे होते.

अर्थात दुखापतींचा फटका घडवलेल्या संघालाही बसतो. जानेवारी २०२३ मध्ये कनेक्टिकटला डीपॉलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला, कारण खेळू शकणाऱ्या सात जणीही नव्हत्या. आणि तो संघ पोर्टलवर जगणारा नव्हता.

अर्धविराम

या चर्चेत एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते, ती म्हणजे स्थैर्य हे संघाचे हित आणि बदली ही खेळाडूची चैन. प्रशिक्षकांच्या बदल्यांबद्दल आपण असे कधी बोलतो का? मल्की २०२१ मध्ये बेलरहून एलएसयूला गेल्या. कॅम्पबेल गेले. २०२४ मध्ये केनी ब्रूक्स व्हर्जिनिया टेकहून केंटकीला गेले. आदल्याच वर्षी त्यांनी व्हर्जिनिया टेकला फायनल फोरमध्ये नेले होते. त्यांच्यापाठोपाठ जॉर्जिया अमूर गेली, क्लारा स्ट्रॅक गेली आणि मागे उरलेल्या विद्यापीठाला नव्याने सुरुवात करावी लागली. तिथे संघ कुणी मोडला?

ज्या मुलीला शब्द देऊन आणले आणि नंतर बाकावर बसवून ठेवले, तिला पूर्वी आणखी एक वर्ष बाहेर बसण्याची शिक्षा मिळत होती. चार वर्षांच्या खेळाच्या आयुष्यात एक वर्ष म्हणजे पाव हिस्सा. आपल्याला आवडणारी ती ‘मुरलेली’ मधली फळी बऱ्याच अंशी जायला जागा नसल्यामुळेच मुरत होती, असे मला वाटते.

कॉर्व्हॅलिसकर

अर्धविराम, आपला शेवटचा परिच्छेद मला मान्य आहे आणि तो टोचलाही. जुन्या व्यवस्थेला स्थैर्य लाभले ते बंधनामुळे, यात शंका नाही. तरीही संघ कसा बांधावा हा प्रश्न त्याने सुटत नाही. प्रशिक्षकाला आता दरवर्षी प्रत्येक खेळाडूला पुन्हा राजी करावे लागते, आणि जिला वीस मिनिटे देता येत नाहीत तिला कशाच्या बळावर थांबवायचे, याचे उत्तर फार थोड्यांकडे आहे. टेक्सासवासींनी मांडलेला मक्तेदारीचा मुद्दाही बरोबर आहे. मात्र ऑलिव्हिया माइल्सने २०२५ च्या ड्राफ्टमध्ये वरचे नाव असतानाही नोत्र दाम सोडून टीसीयूची निवड केली, तेव्हा टीसीयू आता कुठल्या रांगेत उभी आहे हेही पाहावे.

खिडकीपलीकडून

मी एका विद्यापीठाच्या क्रीडा विभागात नियमपालनाचे काम करतो, त्यामुळे ही प्रक्रिया आतून कशी दिसते ते थोडे लिहितो. विद्यापीठाचे नाव अर्थातच सांगणार नाही.

खेळाडूने लेखी विनंती केली की कामकाजाच्या दोन दिवसांत तिचे नाव पोर्टलमध्ये घालणे आम्हाला बंधनकारक असते. प्रशिक्षकांची परवानगी लागत नाही. त्यांना बहुधा सर्वांत शेवटी कळते. नाव घातल्यावर ते मागे घेता येते, पण तोवर तिची जागा दुसरीला दिली गेली असेल तर तिला परत घेण्याचे बंधन प्रशिक्षकांवर नाही, आणि चालू सत्रानंतरची शिष्यवृत्ती थांबवण्याचा अधिकारही विद्यापीठाला मिळतो. त्यामुळे ‘नुसते चाचपून पाहू’ म्हणून नाव घालणाऱ्या मुलींची कधीकधी पंचाईत होते. दरवर्षी पहिल्या विभागातल्या (एनसीएएच्या सर्वांत वरच्या पातळीवरच्या) हजाराहून अधिक मुली या यादीत येतात आणि सगळ्यांना घर मिळतेच असे नाही. बातम्यांत दिसतात त्या पहिल्या पन्नास.

दुसरी गोष्ट वेळेची. पूर्वी नाव घालण्यासाठी साठ दिवस मिळत, मग पंचेचाळीस झाले, २०२५ मध्ये तीस. त्या वर्षी ही मुदत मार्चच्या अखेरीस, स्पर्धेची दुसरी फेरी संपताच सुरू झाली. म्हणजे जिंकत पुढे गेलेले प्रशिक्षक सकाळी पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे चित्रीकरण पाहत होते आणि दुपारी पुढच्या वर्षीच्या सेंटरशी फोनवर बोलत होते. लवकर हरलेल्यांना या बाजारात दोन आठवड्यांची आघाडी मिळाली, हा उफराटा न्याय मला आजही पटत नाही.

तिसरी गोष्ट फार कमी लोक विचारात घेतात, ती क्रेडिटची. तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला खेळाडूने आपल्या पदवीचा ४० टक्के भाग पूर्ण केलेला असावा लागतो, चौथ्याला ६० आणि पाचव्याला ८०. समजा पदवी १२० क्रेडिटची आहे आणि दोन वर्षे संपवून एक मुलगी ५६ क्रेडिट घेऊन आमच्याकडे आली. तिला ४८ हवेत, म्हणजे वरवर पाहता काही अडचण नाही. पण तिचा जुना विषय व्यायामशास्त्र आहे आणि आमच्याकडे तो विषयच नाही. समाजशास्त्राच्या पदवीत तिचे शरीररचनेचे आणि प्रयोगशाळेचे क्रेडिट ऐच्छिक म्हणूनच बसतात, ऐच्छिकांनाही मर्यादा असते, आणि शेवटी हाती लागतात ४२. मग उन्हाळी सत्रात दोन अभ्यासक्रम घ्या, नाहीतर हंगामात खेळता येणार नाही. प्रशिक्षक जाहीर घोषणा करून मोकळे झालेले असतात आणि आम्ही जुलैमध्ये एकेक अभ्यासक्रम कागदाला कागद लावून जुळवत बसतो. तिसरे विद्यापीठ गाठणाऱ्या खेळाडूंचे हे गणित आणखी बिकट होते. ‘कितीही वेळा जा’ या मुभेला खरा चाप आता एवढाच उरला आहे.

पूर्वकिनारा

हार्वर्ड, प्रिन्स्टन वगैरेंच्या आयव्ही लीग या कॉन्फरन्सचा उल्लेख अजून झाला नाही म्हणून लिहिते. तिथे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना खेळू देत नाहीत, आणि २०२०-२१ चा पूर्ण हंगाम महासाथीमुळे त्या विद्यापीठांनी रद्द केला होता. त्यामुळे चार वर्षांत पदवी घेतलेल्या, पण खेळाचे वर्ष शिल्लक असलेल्या मुली मोठ्या संख्येने बाहेर पडल्या. यूएससीच्या प्रशिक्षिका लिंडसे गॉटलिब यांनी २०२३ मध्ये हार्वर्डची मॅकेन्झी फोर्ब्स, पेनची कायला पडिला आणि कोलंबियाची केटलिन डेव्हिस अशा तिघींना एकदम आणले. जूजू वॉटकिन्स तेव्हा पहिल्याच वर्षाला होती. तिच्याभोवती बावीस-तेवीस वर्षांच्या, फारसा गाजावाजा न करता खेळणाऱ्या तीन मुली उभ्या केल्यामुळे तो संघ त्याच वर्षी पॅक-१२ ची स्पर्धा जिंकून शेवटच्या आठांत गेला. प्रिन्स्टनच्या केटलिन चेनने पुढच्या वर्षी कनेक्टिकटमध्ये असेच काम केले. २०२५ च्या विजेतेपदात पेज बेकर्स, एझी फड आणि सारा स्ट्राँग यांची नावे आधी येतात, ते योग्यच आहे, पण चेंडू पलीकडे नेणाऱ्या भरवशाच्या हातांची उणीव तिने भरून काढली.

मला वाटते बदलीचा सर्वांत शहाणा उपयोग हाच. मूळ घडण आपली, आणि एका नेमक्या जागेसाठी बाहेरची अनुभवी खेळाडू. महासाथीमुळे मिळालेले जादा वर्ष आता जवळजवळ सगळ्यांचे संपले आहे, त्यामुळे अशा मुली यापुढे कमी मिळतील.

पैशाबद्दल थोडेसे. ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी मंजूर केलेल्या, एनसीएएविरुद्धच्या खटल्यातल्या तडजोडीनुसार विद्यापीठे आता खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. २०२५-२६ साठी सर्व खेळ मिळून प्रत्येक विद्यापीठाला सुमारे २.०५ कोटी डॉलरची मर्यादा होती. त्यातला सिंहाचा वाटा फुटबॉल आणि पुरुष बास्केटबॉलकडे जाणार, हे उघड आहे. याच तडजोडीत शिष्यवृत्तींच्या मर्यादेऐवजी यादीची मर्यादा आली. महिला बास्केटबॉलमध्ये पूर्वीही पंधरा शिष्यवृत्त्या होत्या आणि आता पंधराच खेळाडू ठेवता येतील. आकडा तोच दिसतो, पण पूर्वी पंधरांच्या पलीकडे विनाशिष्यवृत्ती एक-दोन मुली ठेवता येत असत. या तडजोडीत सामील झालेल्या विद्यापीठांना ती मोकळीक राहिली नाही. टेक्सासवासींनी सांगितलेल्या जानेवारीसारखी वेळ पुन्हा आली तर हे जाणवेल.

शिवाय २०२५ पासून महिलांच्या स्पर्धेतही सामन्यागणिक कॉन्फरन्सला पैसे मिळू लागले आहेत; पहिल्या वर्षी ही रक्कम सर्व मिळून दीड कोटी डॉलर होती. मार्चमधल्या विजयाला किंमत आली की यंदाच जिंकण्याची घाई वाढणारच. दुसऱ्या वर्षाच्या मुलीला घडवत बसायला सवड कुणाला?

जर्सीची_आई

माझी मुलगी अकरावीत आहे, शाळेकडून आणि क्लबकडून खेळते. वर ज्यांच्याबद्दल लिहिले आहे त्या सगळ्या कॉलेजात पोहोचलेल्या मुली आहेत. दाराबाहेर उभ्या असलेल्यांबद्दल मी लिहिते.

गेल्या उन्हाळ्यात एका मध्यम दर्जाच्या विद्यापीठाच्या सहायक प्रशिक्षिकेशी बोलणे झाले. त्यांनी मुलीचा खेळ दोनदा पाहिला होता आणि त्यांना तो आवडलाही होता. पण त्यांनी स्पष्टच सांगितले की एप्रिलपर्यंत त्या शब्द देऊ शकत नाहीत, कारण काही जागा पोर्टलसाठी राखून ठेवल्या आहेत. एसटीत रुमाल टाकून जागा धरावी तशा त्या जागा धरलेल्या, आणि ज्यांच्यासाठी धरल्या त्या मुली अजून दुसऱ्याच गावच्या गाडीत बसलेल्या. अठरा वर्षांच्या मुलीला दोन वर्षे शिकवायचे आणि मग ती मोठ्या संघाकडे जायची, त्यापेक्षा शिकून आलेली एकवीस वर्षांची का घेऊ नये, असा त्यांचा हिशेब. त्यांच्या जागी मी असते तर कदाचित तेच केले असते, पण आईला तसे म्हणून गप्प बसता येत नाही.

नॅशनल लेटर ऑफ इंटेंट नावाचा जो कागद पूर्वी शाळकरी मुली विद्यापीठ पक्के करताना सही करून पाठवत, तोही ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाला. माझा प्रश्न साधा आहे. पहिल्या विभागातल्या संघात शेवटच्या बाकावर जागा मिळाली तर घ्यावी, की खालच्या विभागात भरपूर खेळून मग वर जाण्याचा विचार करावा? आणि प्रशिक्षकांना नेमके काय विचारावे?

रिबाउंड

विषयाला जोडून एक लहान शंका. भारतातून थेट आलेल्या मुलीला या पैशांच्या व्यवहारात काही स्थान असते का?

खिडकीपलीकडून

रिबाउंड, विद्यार्थ्यांच्या एफ-१ व्हिसाच्या अटी इथल्या निम्म्या वाचकांना तोंडपाठ असतील. या व्हिसावर शिष्यवृत्ती घेता येते. जाहिरातीचे काम करून अमेरिकेत पैसे कमावणे धोक्याचे असते आणि विद्यापीठाकडून थेट मिळणाऱ्या वाट्याबाबतही वकील अद्याप सावध सल्ला देतात. परिणाम असा होतो की युरोप, आफ्रिका, ऑस्ट्रेलियातून आलेल्या मुलींना पैशाच्या ओढीने दुसरीकडे नेणे थोडे अवघड जाते. पण त्याही बदल्या करतात, आणि त्यांच्या बाबतीत नव्या विद्यापीठाकडे व्हिसाची नोंद हलवण्याचे जादा काम वेळेत करावे लागते. ऑगस्टमध्ये आमची खरी धावपळ त्याचीच असते.

कॉर्व्हॅलिसकर

जर्सीची आई, मी प्रशिक्षक नाही, त्यामुळे सल्ला म्हणून नव्हे, एक प्रेक्षक म्हणून लिहितो. शेवटच्या बाकावरची जागा पूर्वी एक वचन असे. आज ती बहुतेक ठिकाणी एका वर्षाची मुदत असते, आणि वर्षभर न खेळलेल्या मुलीकडे पोर्टलमध्ये दाखवायला चित्रीकरणही नसते. त्यामुळे जिथे कोर्टवर उतरायला मिळेल ते घर मला बरे वाटते, मग विभाग कोणताही असो. फक्त तिसऱ्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही, हे हिशेबात धरायला हवे.

विचारायच्या प्रश्नांबद्दल सांगायचे तर, ‘मला किती मिनिटे मिळतील’ हा प्रश्न विचारून उपयोग होत नाही, कारण त्याचे उत्तर सगळेच गोड देतात. त्याऐवजी संघाच्या गेल्या तीन वर्षांच्या याद्या शेजारी ठेवा. शाळेतून थेट आलेल्या किती मुली तिसऱ्या वर्षालाही त्याच यादीत आहेत, ते मोजा. मग प्रशिक्षकांना त्यांतल्या एकीचे नाव घेऊन विचारा की तिला पहिल्या वर्षी काय शिकवले आणि दुसऱ्या वर्षी तिने काय केले. ज्यांनी खरोखर घडवले आहे त्यांना हे सांगायला पाच मिनिटे पुरत नाहीत. सहायक प्रशिक्षकांपैकी कोण किती वर्षे टिकले आहे तेही पाहा, कारण शिकवण्याचे बरेचसे काम त्यांच्याच हातून होते.

आणि खिडकीपलीकडून यांनी लिहिलेला क्रेडिटचा परिच्छेद छापून ठेवा. विषय निवडताना तो अनेक विद्यापीठांत असतो की नाही हे आधीच पाहिले, तर पुढे कधी जावेच लागले तरी दोन वर्षांचा अभ्यास वाया जाणार नाही.

पूर्वकिनारा यांचा एका जागेसाठी एक अनुभवी खेळाडू हा तोडगा मला सर्वाधिक पटतो. मात्र त्यासाठी मुळात बाकीच्या चार जागा घरच्या मुलींनी भरलेल्या असाव्या लागतात, आणि त्या भरण्याचे काम दोन वर्षे आधी बाकावर सुरू झालेले असावे लागते. नोव्हेंबर २०२५ मध्ये हंगाम सुरू झाला की मी दोन मुलींकडे लक्ष ठेवणार आहे. एक म्हणजे टीसीयूची हंटर. ती इथून गेली, पण तिथे दुसऱ्या वर्षासाठी थांबली आहे, आणि व्हॅन लिथ व प्रिन्स गेल्यावर त्या संघातल्या जुन्या म्हणाव्या अशा खेळाडूंत ती आहे. दुसरी फुलवायली. एलएसयूमध्ये तिला सुरुवातीच्या पाचांत जागा मिळते की पुन्हा सहावीच राहावे लागते, ते पाहायचे आहे. त्या वेळी हा धागा वर काढतो.